तळटिपेचा पत्ता : सातारा, वाई, मिरज

जेम्स ग्रँट डफ याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातल्या मतांची झाडाझडती मराठी अभ्यासकांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ घेतली आहे. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतला वणवा, ही त्याची उपमा न्यायमूर्ती रानड्यांपासून अनेकांनी खोडून काढली. परंतु त्याच ग्रंथात पानाच्या तळाशी बारीक टाइपात जे छापले आहे, त्याची कथा निराळी आहे. आपले विधान कशाच्या आधारावर केले, हे वाचकाला सांगायचे कसे, हा प्रश्न मराठी इतिहासलेखनात त्या तळटिपांमधून आला. त्याची उत्तरे पुढच्या दीड शतकात सातारा, वाई आणि मिरज या तीन गावांतून एकामागून एक दिली गेली.

आज या भागातला एखादा संशोधक, मग तो साताऱ्याच्या महाविद्यालयातला रसायनाचा प्राध्यापक असो, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातला अभियंता असो की मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर असो, आपला निबंध एखाद्या नियतकालिकाकडे पाठवताना शेवटचे काही दिवस संदर्भांची यादी लावण्यात घालवतो. आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, नियतकालिकाचे नाव पूर्ण की आखूड, या बाबी त्याला कारकुनी वाटतात. काम कंटाळवाणे आहे खरे. परंतु हे नियम कोणत्या गरजेतून आले, हे आपल्याच मातीतल्या उदाहरणांवरून पाहिले तर त्या स्वल्पविरामांमागे एक जुना आणि गंभीर करार दिसतो. तो करार लेखक आणि वाचक यांच्यातला आहे.

रेसिडेंटाच्या तळटिपा

पेशवाई संपल्यावर १८१८ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि राज्याचा कारभार पाहण्यासाठी ग्रँट डफची नेमणूक केली. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता. १८२२ पर्यंत तो साताऱ्यात राहिला. या चार वर्षांत त्याच्या हाती जी कागदपत्रे आली, ती त्याच्या आधी कोणत्याच परकीय इतिहासकाराला मिळाली नव्हती. छत्रपतींच्या घरचे कागद, पेशव्यांचे दफ्तर, देशमुख-देशपांड्यांच्या वतनाच्या सनदा, मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजी वखारींच्या नोंदी, गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरातले उतारे, असा तो सगळा पसारा होता.

डफच्या आधी साताऱ्यातच मल्हार रामराव चिटणीस यांनी शिवछत्रपतींचे सप्तप्रकरणात्मक चरित्र लिहिले होते. चिटणीस घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राज्याचा पत्रव्यवहार होता, त्यामुळे मल्हाररावांजवळ कागद नव्हते असे नाही. पण बखरीच्या रीतीत कोणती गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली, हे सांगायची प्रथाच नव्हती. बखरकाराचा अधिकार हाच पुरावा. त्याचे घराणे, त्याचा हुद्दा आणि ज्याच्या आज्ञेवरून लिहिले त्या धन्याचे नाव, एवढ्यावर वाचकाने विश्वास ठेवायचा.

डफने ही रीत मोडली. त्याने तळटिपा दिल्या. खाफीखान, फेरिस्ता, ऑर्म यांची नावे घेतली, इंग्रजी दफ्तरांचा हवाला दिला. मात्र मराठी साधनांच्या बाबतीत त्याच्या कितीतरी टिपा ‘मराठी हस्तलिखित’ एवढ्यावरच थांबतात. कोणते हस्तलिखित, कोणाच्या घरचे, कोणत्या सालचे, याचा खुलासा नाही. छापील इंग्रजी ग्रंथाला पत्ता होता. मराठी कागदाला तसा पत्ता नव्हता, कारण त्याला क्रमांक नव्हता, छापील रूप नव्हते आणि तो ठेवलेली जागा सर्वांना खुली नव्हती.

या अडचणीची जाणीव डफला होती. म्हणून आपण जमवलेल्या काही मराठी साधनांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत, असे त्याने ग्रंथात ठिकठिकाणी नमूद केले. हा उपाय त्या काळाच्या मानाने उत्तम होता. ज्याला माझे विधान पडताळायचे असेल त्याने मुंबईला जावे आणि नक्कल पाहावी, असा त्याचा अर्थ. ही सोसायटी १८०४ साली स्थापन झाली होती. पुढे ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणून टाउन हॉलच्या इमारतीत नांदते आहे.

पुढच्या पिढीतले अभ्यासक या पत्त्यावर गेले तेव्हा तेथे ते कागद नव्हते. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मराठी बखरींवरील आपल्या इंग्रजी निबंधात याची नोंद केली आहे. हा निबंध रानड्यांच्या १९०० सालच्या ग्रंथाला जोडलेला असल्याने पुष्कळांच्या वाचनात आला. नकलांचा ठावठिकाणा लागेना, तशी डफनेच कागद जाळले अशी कुजबुजही मराठी लेखनात सुरू झाली. प्रवादाला प्रवादच म्हणावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की तळटीप शाबूत राहिली आणि तिच्या टोकाचा कागद नाहीसा झाला. लेखक प्रामाणिक, टीप खरी, तरी वाचकाच्या हाती काही नाही. संदर्भ देणे आणि संदर्भ पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मराठी इतिहासकारांना मिळाला तो येथे.

मूळ कागदच छापा

डफच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद तीनचार वर्षांतच झाला आणि तो शाळांतून वाचला जाऊ लागला. त्याला पहिले सविस्तर उत्तर १८६७-६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने दिले. डफच्या बखरीवरची त्यांची टीका ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध झाली. कीर्तन्यांच्या टीकेनंतर एक गोष्ट स्पष्ट झाली. डफ चुकला असे म्हणायचे असेल तर त्याने न पाहिलेले, किंवा पाहून नीट न वाचलेले कागद वाचकांपुढे ठेवावे लागतील. १८७८ साली का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शं. तु. शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले आणि बखरी व पत्रे क्रमाने छापायला आरंभ केला.

या कामाला खरी धार आली ती वाईत. कृष्णाकाठच्या या गावात पेशवाईतल्या मातबर घराण्यांचे वाडे होते आणि वाड्यांच्या माळ्यांवर कागदांची बासने होती. वाईत सापडलेल्या अशाच पत्रांचा संच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हाती आला आणि त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. ही माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली.

राजवाड्यांची प्रस्तावना प्रसिद्ध आहे, तिच्यावर वादही पुष्कळ झाले. परंतु संदर्भाच्या दृष्टीने त्या खंडातली मोठी गोष्ट प्रस्तावनेत नसून पत्रांच्या डोक्यावर आहे. प्रत्येक पत्राला ‘लेखांक’ मिळाला. त्याबरोबर शक्य तेथे तारीख मिळाली. आजही मराठी इतिहासाच्या ग्रंथात ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ अशी टीप दिसते आणि वाचक दहा मिनिटांत त्या पत्रापर्यंत पोहोचतो. मूळ कागद उद्या वाळवीने खाल्ला तरी छापील लेखांक शेकडो ग्रंथालयांत उरतो. मुंबईच्या एका कपाटात ठेवलेली नक्कल हरवू शकते. छापून सर्वत्र गेलेले पत्र तसे हरवत नाही. डफच्या हरवलेल्या नकलांना राजवाड्यांनी दिलेले हे उत्तर होते.

तारीख लावणे हे तर स्वतंत्र शास्त्रच होते. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रात पुष्कळदा ‘छ’ अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो आणि साल नसतेच. साल असले तर ते सुहूर सनात, अरबी अंकशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालत असल्याने जून १७६० ते जून १७६१ एवढा त्याचा आवाका. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई त्याच वर्षात पडते. वर्षाचा आरंभ कोठे धरायचा हे चुकले की पत्र एका वर्षाने मागेपुढे जाते, आणि मग कारणाच्या आधी परिणाम घडल्यासारखा दिसू लागतो. संदर्भसूचीत साल का लागते, याचे यापेक्षा बोलके उत्तर मिळणे कठीण.

पत्ता असलेला पुरावा काय करू शकतो, याचे उदाहरण शिवजन्माच्या तिथीचे. डफने शिवाजी महाराजांचा जन्म मे १६२७ मध्ये धरला. चिटणिसांच्या बखरीतही सन १६२७ चाच आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याची शकावली उजेडात आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. पुढे तंजावरला मिळालेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. वाद बराच काळ चालला, पण दोन्ही बाजूंचे लोक एकाच छापील मजकुरावर बोट ठेवून भांडत होते. अखेर शासनानेही १६३० हेच वर्ष स्वीकारले. कोणाचा आवाज मोठा, यावर हा निर्णय झाला नाही. जुने विधान आणि त्याचा आधार दोन्ही मोजता आले, म्हणून झाला.

मिरजेचे शास्त्रीबुवा आणि साताऱ्याचे संग्राहक

राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या एक वर्ष आधी, १८९७ पासून, मिरजेत ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला होता. त्याचे कर्ते वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. मिरज ही पटवर्धन सरदारांची जहागीर, आणि उत्तर पेशवाईतल्या जवळपास प्रत्येक मोहिमेत पटवर्धन होते. छावणीतून घरी लिहिलेली, वकिलांनी पाठवलेली, कारभाऱ्यांनी जपलेली त्यांची पत्रे हे एक अफाट दफ्तर होते. शास्त्रीबुवांनी शाळेची नोकरी सांभाळून ते वाचले, निवडले, काळानुसार लावले आणि छापले. १९२४ साली त्यांचे निधन झाले तोवर बारा भाग निघाले होते. पुढचे भाग त्यांच्या चिरंजीवांनी काढले.

खऱ्यांची पद्धत राजवाड्यांहून थोडी निराळी होती. ते नुसती पत्रे देत नसत. पत्रांच्या आधी त्या काळातल्या घडामोडींचे सलग निवेदन देत आणि त्याचा आधार म्हणून पुढची पत्रे ठेवत. आजच्या शोधनिबंधाशी ताडून पाहिले तर हाच त्याचा सांगाडा आहे. आधी म्हणणे मांडायचे आणि मग ज्याच्या जोरावर ते मांडले तो पुरावा वाचकाच्या स्वाधीन करायचा. ‘गुणोत्कर्ष’सारखी नाटके लिहिणाऱ्या या माणसाला गोष्ट रंगवता येत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरी इतिहास लिहिताना त्यांनी गोष्टीला पत्राच्या दाव्याला बांधून ठेवले.

तिसरे नाव साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस. त्यांची हौस संग्रहाची. जुनी चित्रे, पत्रे, दस्तऐवज त्यांनी आयुष्यभर गोळा केले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात जे दफ्तर होते, त्याचाही मोठा भाग त्यांच्या संग्रहात आला. १९०८ ते १९१६ या काळात त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले आणि किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात इतिहाससंग्रहालय उभे राहिले. १९२६ साली पारसनीस वारले, त्याच वर्षी राजवाडेही गेले. १९३९ साली हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला.

संदर्भ देणाऱ्याच्या दृष्टीने या स्थलांतरात एक बारीक गोम आहे. त्याआधीच्या एखाद्या ग्रंथात ‘पारसनीस संग्रह, सातारा’ अशी टीप वाचून आजचा विद्यार्थी साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तर त्याला परत पुण्याची गाडी धरावी लागेल. कागद हरवला नाही, पत्ता बदलला. संगणकाच्या जमान्यात याच दुखण्याला तुटलेला दुवा म्हणतात. त्यावर इलाज म्हणून २००० सालापासून शोधनिबंधांना कायमचा ओळखक्रमांक देण्याची व्यवस्था सुरू झाली. निबंध कोणत्याही संकेतस्थळावर हलवला तरी क्रमांक तोच राहतो, आणि त्या क्रमांकाची नोंद ठेवणारी संस्था वाचकाला नव्या जागी पोहोचवते. डीओआय या नावाने संशोधक तो ओळखतात. संदर्भाच्या शेवटी ही अंकांची शेपटी का जोडायची, याचे कारण हे. लेखांकाचाच तो नवा अवतार आहे.

वाईचे कोश

वाईची गोष्ट राजवाड्यांपाशी संपत नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेने तेथे ‘धर्मकोश’ हाती घेतला. त्याचे संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे होते आणि व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. संस्कृत पंडितांत दुसऱ्याचे वचन त्याच्या नावावर सांगण्याची शिस्त जुनीच. निबंधकार ‘इति मनुः’, ‘इति हेमाद्रौ’ असे म्हणून वचन पुरे करतात. त्या शिस्तीत अध्यायाचा आणि श्लोकाचा आकडा नसे, कारण श्रोत्याला ग्रंथ पाठ असतो असे गृहीत होते. धर्मकोशाने प्रत्येक वचनाला त्याच्या मूळ ग्रंथातले स्थान दिले, ते वचन कोणकोणत्या निबंधकारांनी उद्धृत केले ते संक्षेपाने सांगितले आणि पाठभेद खाली मांडले. पाठांतराच्या परंपरेतल्या पंडितांनी ग्रंथ पाठ नसलेल्या वाचकाची सोय केली, हे मोठेच पाऊल होते.

याच गुरुकुलातून आलेल्या लक्ष्मणशास्त्रींनी पुढे मराठी विश्वकोशाचे काम वाईतच उभे केले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. विश्वकोशातली कोणतीही मोठी नोंद उघडावी. शेवटी लेखकाचे नाव असते आणि त्याखाली ‘संदर्भ’ या शब्दानंतर ग्रंथांची क्रमांकित यादी असते. आडनाव, आद्याक्षरे, ग्रंथनाव, प्रकाशनस्थळ, साल. रसायन, वनस्पतिशास्त्र, शिल्पकला, इतिहास, सगळ्यांना एकच साचा. विज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्याला संदर्भ कसा द्यावा, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांनी कोणत्या मार्गदर्शक पुस्तिकेआधी या पिवळट पानांवरच पाहिले.

स्वल्पविराम कोठून आले

इतिहासकारांची तळटीप आणि वैज्ञानिकांचा संदर्भ यांचे चेहरे वेगळे दिसतात, याला कारण त्यांच्या गरजा वेगळ्या. १८८१ साली हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाने शंखाविना गोगलगायीच्या अंड्यांवर एक प्रबंध छापला. त्यात त्याने वाक्यातच कंस करून लेखकाचे नाव आणि साल घातले. पुढे जी पद्धत हार्वर्ड नावाने ओळखली गेली, तिचे मूळ तेथे शोधतात. विज्ञानात कोणते निरीक्षण आधीचे आणि कोणते नंतरचे, हे वाचतावाचता कळावे लागते, म्हणून साल पुढे आले. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत रुजलेली एपीए शैली याच कुळातली.

वैद्यकाची वाट निराळी. तेथे एका वाक्याला पाचसहा आधार असतात. नावे आणि साले वाक्यात कोंबली तर वाचणाऱ्याला धाप लागेल. म्हणून क्रमांक. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी भेटले. एकच निबंध एका नियतकालिकाने नाकारला की दुसऱ्यासाठी सगळी यादी नव्याने टंकलिखित करायची, हा लेखकांचा जाच कमी करावा, एवढाच मूळ हेतू होता. त्यातून निघालेली व्हँकुव्हर शैली आज मिरजेच्या डॉक्टरलाही पाळावी लागते. जाच कमी करण्यासाठी आलेला नियम आज जाच वाटतो, ही त्यातली गंमत.

इतिहासकाराला मात्र नाव आणि साल पुरत नाही. त्याचा सगळा भार एखाद्या पत्रातल्या एका ओळीवर असतो. म्हणून त्याला पान लागते, लेखांक लागतो, पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद असेल तर रुमालाचा क्रमांकही लागतो. एकाच आधाराचा पुन्हा पुन्हा उल्लेख आला तर मराठी लेखक ‘तत्रैव’ किंवा ‘कित्ता’ लिहितात. कित्ता हा शब्द आपल्या जमाखर्चाच्या याद्यांतून सरळ तळटिपेत आला आहे. हिशेबाची वही आणि संशोधनाचे पान यांचे नाते तो नकळत सांगून जातो. दोन्हीकडे प्रत्येक रकमेला पावती हवी.

वि. का. आणि वै. का.

या परदेशी साच्यांत मराठी नाव बसवताना काही वेळा घोटाळे होतात, आणि ते समजून घेतल्याशिवाय नियम पाळण्यात अर्थ नाही. ‘राजवाडे, व्ही. के.’ हा इंग्रजी संदर्भ घ्या. इतिहासाचार्य राजवाडे विश्वनाथ काशिनाथ. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हे यास्काच्या निरुक्ताचे विख्यात अभ्यासक. मराठीत एक वि. का., दुसरे वै. का. रोमन आद्याक्षरांत दोघेही एकच. ग्रंथनाव आणि साल नसेल तर व्याकरणाचा विद्यार्थी पानिपतच्या पत्रांत जाऊन पडेल.

‘खरे’ या आडनावाचेही तसेच. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे हे दोघेही मराठ्यांच्या इतिहासाचेच अभ्यासक, दोघांनीही साधने छापली. नुसते ‘खरे म्हणतात’ असे लिहिले तर कोणते खरे, हा प्रश्न उरतो. ‘शास्त्री’, ‘तर्कतीर्थ’, ‘रावबहादूर’ ही बिरुदे संदर्भात आडनावाच्या जागी शिरली तर यादीचा अकारविल्हे क्रम बिघडतो. शके आणि इसवी सन यांची सरमिसळ झाली तर एकच ग्रंथ दोनदा नोंदला जातो. संदर्भाचा साचा काटेकोर लागतो तो अशा ठिकाणी. लेखकाने वाचलेले पुस्तक आणि वाचकाच्या हाती येणारे पुस्तक एकच असावे, ही त्यामागची साधी अपेक्षा.

खोटा पत्ता

गेल्या साठ वर्षांत संदर्भाला आणखी एक काम लागले आहे. १९६४ साली यूजीन गारफील्ड यांनी कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी कोणी केला, याची विज्ञानासाठी सूची काढली. हेतू हा की एका निबंधावरून त्याच्या वंशजांपर्यंत जाता यावे. पण मोजता येते त्याची किंमत ठरते. उल्लेखांच्या संख्येवर नियतकालिकांची प्रतिष्ठा आणि प्राध्यापकांची बढती जोखली जाऊ लागली, आणि न वाचलेले संदर्भ यादीत शिरू लागले.

२००३ साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी यावर एक मजेदार तपास केला. गाजलेल्या निबंधांचा संदर्भ देताना झालेल्या छपाईच्या चुका त्यांनी तपासल्या. पानाचा तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा आढळला. स्वतंत्रपणे मूळ निबंध उघडणारे दहाजण एकच चूक करणार नाहीत. म्हणजे त्यांनी एकमेकांच्या याद्या उतरवल्या. त्यांच्या अंदाजाने, उल्लेख करणाऱ्यांपैकी मूळ निबंध वाचणारे सुमारे वीस टक्केच. ही युक्ति मराठी वाचकाला नवी वाटू नये. बखरींच्या प्रतींचे कूळ अभ्यासक असेच लावतात. दोन प्रतींत एकच चूक एकाच जागी असेल तर दोन्हींची जननी एक. नकलनवीस बदलला, सवय बदलली नाही.

आता त्याही पुढची पायरी आली आहे. प्रश्न विचारला की लेख लिहून देणारे संगणकी कार्यक्रम संदर्भही बनवून देतात. आडनाव खरे, नियतकालिक खरे, साल पटण्याजोगे, स्वल्पविराम अगदी जागच्या जागी, फक्त तसा निबंध कोणी कधी लिहिलेलाच नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले सादर करणाऱ्या वकिलांना दंड केला. शोधनिबंधही त्यातून सुटलेले नाहीत. डफच्या टिपांचा मराठी भाग त्रोटक होता, पण त्यामागे कागद होते. येथे टीप नियमाबरहुकूम असते आणि मागे काहीच नसते. नुसत्या साच्याला शरण जाणाऱ्याला हा फरक कळणार नाही, कारण साच्याच्या दृष्टीने खोटा संदर्भ निर्दोषच असतो.

म्हणून संदर्भ लावण्याचे काम यादी नीट करण्यावर थांबवून चालत नाही. यादीतला प्रत्येक ग्रंथ आपण स्वतः उघडला आहे का, दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतला असेल तर तसे सांगितले आहे का, आणि ज्या पानाचा आकडा दिला त्या पानावर आपण म्हणतो ते खरोखर आहे का, एवढे पाहिल्यावर मग स्वल्पविरामांकडे वळावे. आडनावे, साले आणि क्रमांक जुळवून देणारी संगणकी साधने आता सहज मिळतात, त्यांचा उपयोग जरूर करावा. ती यादी लावून देतात, ग्रंथ वाचून देत नाहीत.

मिरजेच्या शाळामास्तराने दिवसा वर्ग घेऊन उरलेल्या वेळात पटवर्धनांची मोडी पत्रे उतरवली, तेव्हा त्याला उल्लेखांची संख्या वाढवायची नव्हती. आपले म्हणणे चुकीचे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारे कागद तो अनोळखी वाचकाच्या हाती देत होता. राजवाड्यांच्या, खऱ्यांच्या कितीतरी अनुमानांवर पुढच्यांनी त्यांच्याच लेखांकांचा आधार घेऊन आक्षेप घेतले आहेत. ती अनुमाने गेली तरी लेखांक कामाचे राहिले. आजही अभ्यासक आपल्या निबंधाच्या तळाशी त्यांचे आकडे लिहितात.